एरर न देता चुकणाऱ्या क्वेऱ्या

मार्च महिन्यात कारखान्यातून किती माल बाहेर गेला हे काढण्यासाठी लिहिलेली एक क्वेरी या संग्रहात मी सर्वांत आधी ठेवली आहे. ती डेटाबेसला सांगते : ज्या गाड्यांची तारीख १ मार्च ते ३१ मार्चच्या दरम्यान आहे त्यांच्या निव्वळ वजनाची बेरीज कर. वाचताना कुठेही खटकत नाही. पण काट्यावरच्या नोंदीत तारखेबरोबर वेळही असते, आणि 'बिटवीन'च्या पुढे नुसते '३१ मार्च' लिहिले की डेटाबेस ते ३१ मार्च, रात्रीचे शून्य वाजून शून्य मिनिटे असे धरतो. ३१ तारीख लागते त्या क्षणीच त्याचा मार्च संपतो. पुढचे चोवीस तास बेरजेत येतच नाहीत. वर्षअखेरचा हा दिवस. विक्री विभाग राहिलेला सगळा माल याच दिवशी बाहेर काढायच्या मागे असतो आणि गाड्यांची रांग फाटकाबाहेर जाते. नेमका तोच दिवस अहवालातून गळतो. पडद्यावर एरर येत नाही. बेरीज नीटनेटकी छापून येते, आणि विक्रीवाले व हिशेबवाले आठवडाभर एकमेकांच्या आकड्यांकडे संशयाने पाहत राहतात.

दुरुस्ती एका ओळीची आहे : १ मार्चपासून पुढे आणि १ एप्रिलच्या आधी. नव्याने कामाला लागलेल्या मुलांना मी ही ओळ पहिल्याच दिवशी लिहायला लावतो.

या क्वेऱ्या जिथल्या आहेत ते सिलतरा रायपूरच्या उत्तरेला, बिलासपूरच्या रस्त्यावर आहे. स्पंज आयर्नच्या भट्ट्या, बिलेट ओतणारे कारखाने, सळई काढणाऱ्या रोलिंग मिल आणि त्यांची स्वतःची वीजकेंद्रे असा हा सगळा पसारा. बैलाडिला आणि दल्ली-राजहऱ्याकडचे लोहखनिज आणि कोरब्याकडचा कोळसा आत येतो. स्पंज, बिलेट आणि सळई बाहेर जाते. आत येणारी आणि बाहेर जाणारी प्रत्येक गाडी दोनदा काट्यावर चढते, एकदा भरलेली आणि एकदा रिकामी, आणि त्या दोन आकड्यांवर पुढचे सगळे उभे राहते : वाहतूकदाराचे बिल, खाणीचा हिशेब, जीएसटी, बँकेला दाखवायचा साठा. रायपुरात मराठी घरे भोसल्यांच्या काळापासून आहेत, तिथल्या तात्यापारा या वस्तीचे नाव आजही तेच सांगते. आणि नागपूर-भंडाऱ्याकडून नोकरीसाठी येणाऱ्यांची त्यात भर पडत राहते. इथल्या कारखान्यांच्या संगणक विभागांत त्यामुळे मला मराठी मुलेमुली सतत भेटत आली. चहाच्या टपरीवर त्यांनी हसत हसत सांगितलेल्या गोष्टींतून हा संग्रह तयार झाला. कारखान्यांची आणि माणसांची नावे काढून टाकली आहेत. क्वेऱ्या मात्र आहेत तशा ठेवल्या आहेत.

त्या गोष्टी खरोखर मजेशीर आहेत आणि वाचणाऱ्याने मोकळेपणी हसावे अशी माझी इच्छा आहे. तीन दिवस डोके खाणारी चूक शेवटी एका स्वल्पविरामात सापडते तेव्हा हसण्याशिवाय दुसरे काही सुचत नाही. पण हसून झाल्यावर मला एका गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे, आणि या पुस्तकाचा सगळा खटाटोप तिच्यासाठीच आहे. संथ चालणारी क्वेरी आणि चुकीचे उत्तर देणारी क्वेरी या दोन अगदी वेगळ्या आपत्ती आहेत. पहिलीबद्दल सगळे ओरडतात, दुसरीबद्दल कोणीच ओरडत नाही.

संथ क्वेऱ्यांचे प्रकरण मी मुद्दाम छोटे ठेवले आहे. त्यांची कारणे ठरावीक असतात. गाडी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे माहीत आहेत म्हणून 'लाइक'च्या आधी टक्क्याची खूण लावली की इंडेक्स निकामी होतो आणि लाखो नोंदी एकेक करून तपासाव्या लागतात. तारखेच्या स्तंभावर 'इयर'चे फंक्शन चढवले तरी बहुधा तेच. चारशे गाड्यांची यादी मागवून प्रत्येक गाडीच्या चालकाचे नाव स्वतंत्र क्वेरीने विचारले की एका पानासाठी चारशे एक फेऱ्या होतात. लिहिणाऱ्याच्या टेबलावर दहा नोंदी असतात, सर्व्हर शेजारीच असतो, सगळे क्षणात उघडते. मग फाटकावर बरसातीत भिजणारा चालक काट्याच्या खिडकीशी उभा राहून विचारतो की परची का निघत नाही. हा त्रास खरा आहे. पण तो दिसतो, त्यावर फोन येतात, आणि संध्याकाळपर्यंत कोणीतरी इंडेक्स टाकतोच.

न दिसणाऱ्या चुकीचा सर्वांत शिकवणारा नमुना दुहेरी बेरजेचा आहे. समजा, एका गाडीतून २४.३६ टन सळई गेली. काट्याच्या तक्त्यात तिची एक नोंद. पण बिजकावर दोन ओळी आहेत, एक १२ मिलिमीटरच्या सळईची आणि दुसरी १६ मिलिमीटरची. काट्याचा तक्ता बिजकाच्या ओळींशी जोडला, म्हणजे 'जॉइन' केला, की ही एकच गाडी दोन ओळींत उमटते आणि दोन्ही ओळींवर २४.३६ लिहिलेले असते. बेरीज ४८.७२ टन. महिनाभराच्या अहवालात मग मिलने जेवढी सळई काढली त्याहून जास्त बाहेर गेलेली दिसते. इथपर्यंत चूक पकडली जाते, कारण आकडा अशक्य असतो. खरा घोटाळा पुढे आहे. कोणीतरी घाईत बेरजेच्या आत 'डिस्टिंक्ट' हा शब्द टाकतो. २४.३६ आता एकदाच मोजले जाते, बेरीज आवाक्यात येते, सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. पण 'डिस्टिंक्ट'ला गाड्या कळत नाहीत, त्याला फक्त आकडे कळतात. त्याच महिन्यात दुसऱ्या कुठल्याही गाडीचे वजन नेमके २४.३६ टन भरले तर ती गाडी हिशेबातून पुसली जाते. काटा दहा-दहा किलोच्या टप्प्यांनी आकडा दाखवत असेल तर सारख्या वजनाच्या गाड्या निघणे ही रोजची गोष्ट आहे. आधी आकडा अशक्य होता म्हणून कोणीतरी विचारले तरी. आता तो शक्य कोटीतला आणि चुकीचा आहे, म्हणून कोणी विचारत नाही.

'डिस्टिंक्ट' लावून गप्प केलेल्या क्वेऱ्या मी जितक्या पाहिल्या तितक्या दुसऱ्या कोणत्याच प्रकारच्या पाहिल्या नाहीत. नोंदी दुप्पट का झाल्या हे समजून घेण्याआधी त्या झाकणे हे माझ्या मते या व्यवसायातले सर्वांत महाग पडणारे वळण आहे.

एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना १९७० साली रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडली. माहिती कुठे, कशी ठेवली आहे याची चिंता विचारणाऱ्याने करू नये, त्याने फक्त काय हवे ते सांगावे, हा तिचा गाभा होता. त्याच कंपनीत डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये त्यासाठी जी भाषा मांडली तिच्यातून आजची एसक्यूएल आली. पन्नास वर्षे टिकलेली ही भाषा मला अतिशय आवडते. इतक्या थोड्या शब्दांत इतके मोठे काम करून घेणारी दुसरी भाषा मला ठाऊक नाही. पण तिच्या या गुणातच तिचा धोका आहे. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ती तंतोतंत देते आणि तुम्हाला नक्की हेच विचारायचे होते का, असे कधीही उलटून विचारत नाही. ते विचारणे माणसाकडे राहिले आहे.

'नल'च्या प्रकरणात हे फार तीव्रतेने जाणवते. नल म्हणजे शून्य नाही आणि रिकामी जागाही नाही. नल म्हणजे 'ठाऊक नाही'. या संग्रहातली मला सर्वांत गंभीर वाटणारी क्वेरी एका कारखान्यातल्या कंत्राटी कामगारांबद्दलची आहे. ज्यांचे सुरक्षा प्रशिक्षण अजून झालेले नाही त्यांची यादी तिला काढायची होती. तिने सांगितले : ज्या कामगारांचे क्रमांक प्रशिक्षणाच्या तक्त्यात नाहीत ते दे. 'नॉट इन' वापरले होते. प्रशिक्षणाच्या तक्त्यात एका नोंदीत कामगार क्रमांक भरलेला नव्हता, कारण त्या माणसाचे ओळखपत्र तयार व्हायच्या आधीच त्याचे प्रशिक्षण उरकले होते. तो एक नल. आता डेटाबेस प्रत्येक कामगाराबद्दल विचार करतो : हा क्रमांक यादीत नाही ना? दिसणाऱ्या क्रमांकांत तर नाही. पण त्या 'ठाऊक नाही'च्या जागी हाच असू शकेल. म्हणून उत्तर 'ठाऊक नाही', आणि 'ठाऊक नाही' असलेल्याला यादीत घ्यायचे नाही. दिसणाऱ्या क्रमांकांत नसलेल्या प्रत्येकाच्या बाबतीत हेच घडते. यादी संपूर्ण रिकामी येते. पडद्यावर 'बाकी : ०'. स्पंज आयर्नच्या भट्टीजवळ कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. तिथे कामाला जाणाऱ्या माणसाला वाचवू शकते ते त्याचे प्रशिक्षण, आणि एका रिकाम्या रकान्याने सगळ्यांचे प्रशिक्षण झाल्याचे कागदावर आणून ठेवले. क्वेरी एका सेकंदाच्या आत चालत होती. तिच्या वेगाचे कौतुकही झाले होते.

'नॉट एक्झिस्ट्स' वापरले असते तर हे घडले नसते. तिसऱ्या प्रकरणात दोन्ही क्वेऱ्या समोरासमोर छापल्या आहेत.

नलची हसवणारी बाजूही आहे. कॅलिफोर्नियातल्या एका संगणक सुरक्षातज्ज्ञाने हौसेने आपल्या गाडीला 'नल' अशा अक्षरांची नंबरपाटी घेतली. ज्या दंडपावत्यांवर गाडीचा क्रमांक नोंदलाच गेला नव्हता त्या सगळ्या वेगवेगळ्या गावांतून त्याच्या पत्त्यावर येऊ लागल्या. दंडाची रक्कम १२,००० डॉलरच्या वर गेली. २०१९ मध्ये ही हकिकत जगभर छापून आली. 'ठाऊक नाही' आणि 'नल ही चार इंग्रजी अक्षरे' यांतला फरक कोणाच्या तरी क्वेरीने पाळला नव्हता.

आमच्याकडे गाडी क्रमांकांची निराळी तऱ्हा आहे. रायपूरचा क्रमांक सीजी ०४ ने सुरू होतो. काट्यावरचा एक जण मध्ये जागा सोडतो, दुसरा आडवी रेघ देतो, तिसरा सगळे चिकटवून लिहितो, आणि शून्याच्या जागी 'ओ' हे अक्षर तर कायम ठरलेले. माणसाला ती एकच गाडी दिसते. डेटाबेसला चार. एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालासाठी ई-वे बिल लागू झाले आणि गाडी क्रमांकातला 'ओ' हा केवळ कार्यालयातला वैताग राहिला नाही. रस्त्यावर तपासणी झाली तर गाडी अडते, आणि तो 'ओ' लिहिणारा माणूस घरी झोपलेला असताना चालक आणि क्लीनर ढाब्यापाशी बसून राहतात.

मराठी वाचकांसाठी लिहायचे म्हणून देवनागरीचे प्रकरण मी जास्त विस्ताराने केले आहे. सिलतरा या गावाचे नाव घ्या. विभक्ती लागली की 'सिलतऱ्यात' होते आणि त्यात तो वेगळा 'ऱ' येतो, जो गोऱ्हे, कऱ्हाडे या आडनावांत आहे. युनिकोडमध्ये तो स्वतंत्र अक्षर म्हणून लिहिता येतो. 'र'ला नुक्ता जोडूनही लिहिता येतो. शिवाय साधा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह अशी तिसरी वाट काही कीबोर्ड घेतात. छापल्यावर तिन्ही सारखे दिसतात, पण आतले सांकेतिक क्रमांक वेगळे असतात. त्यामुळे गोऱ्हे नावाची बाई खिडकीशी उभी आहे, तिचे नाव पडद्यावर दिसतेही आहे, आणि शोधल्यावर 'नोंद सापडली नाही' असे उत्तर येते. राज्याच्या नावाचेही तसेच. हिंदीत शेवटच्या ढ खाली नुक्ता देतात, तो दोन प्रकारे साठवता येतो, आणि मराठी माणूस नुक्ता न देता 'छत्तीसगढ' लिहितो. राज्यवार विक्रीच्या तक्त्यात छत्तीसगढ तीन ओळींत आलेले मी पाहिले आहे. नोंद आत घेतानाच युनिकोडचे प्रमाण रूप करून घेतले तर नुक्त्याचे भांडण मिटते. जोडचिन्हाचे मिटत नाही, त्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो. आणि राज्याचे नाव कोणाला हाताने लिहूच देऊ नये, ते यादीतून निवडू द्यावे.

लांबीचेही पाहा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, काना-मात्रा आणि हलन्त धरून. 'चंद्रशेखर' एवढे नुसते नाव २७ बाइटचे होते. तीस बाइटचा रकाना ठेवणाऱ्याने आडनावाचा विचारच केलेला नसतो. काही डेटाबेस अशा वेळी एरर देतात, काही निमूटपणे शेपूट कापतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये मजकुराच्या आधी 'एन' हे अक्षर लावायचे राहिले तर मराठी नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची ओळ साठवली जाते, आणि एकदा साठवली की मूळ नाव परत मिळत नाही. आपल्या भाषेतले नाव असणे ही माणसाची चूक ठरावी असे कोणाला वाटत नाही, पण अशा रकान्यांमुळे रोज तेच ठरते. गोव्याकडच्या डि'सूझा, डि'मेलो मंडळींच्या इंग्रजी स्पेलिंगमधले अवतरणचिन्हही असेच फॉर्म मोडते, कारण क्वेरी शब्द चिकटवून चिकटवून तयार केलेली असते. आणि ज्या भोकातून डि'सूझांचे नाव क्वेरी मोडते त्याच भोकातून चोर आत शिरतो. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. ते पंचवीस वर्षांहून अधिक काळ सगळ्यांना माहीत आहे आणि त्यावरचा उपाय, पॅरामीटर वेगळा पाठवणे, हाही तितकाच जुना आहे.

कारखान्यातल्या या गोष्टी लहान वाटत असतील तर २०१७ सालचा महाराष्ट्र आठवावा. जूनमध्ये छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर झाली. दीड लाख रुपयांपर्यंतचे थकीत कर्ज माफ, ३४,०२२ कोटी रुपये आणि ८९ लाख शेतकरी असे आकडे तेव्हा सांगितले गेले. अर्ज ऑनलाइन, आधार क्रमांकासह. १८ ऑक्टोबरला, दिवाळीत, प्रमाणपत्रे वाटली गेली. मग बँकांकडे याद्या पोचल्या आणि एकाच आधार क्रमांकापुढे अनेक शेतकरी, एकच बचत खाते अनेकांच्या नावे असे प्रकार समोर आले. याद्या पुन्हा तपासाव्या लागल्या. पात्र ठरलेल्यांच्या यादीसाठीचा 'ग्रीन लिस्ट' हा शब्द त्या हिवाळ्यात गावोगावच्या पारावर पोचला आणि आपले नाव तीत आहे का हे पाहायला माणसे बँकेत हेलपाटे घालू लागली. एक आधार क्रमांक एकदाच, हा नियम नोंद आत येण्याच्या दारावरच बसवायचा असतो. माहिती गोळा झाल्यावर तो लावायला गेले की त्याची किंमत ज्याने कधी संगणकही पाहिलेला नाही तो देतो.

श्रीमंत देशांतही हेच. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेकडून १५,८४१ कोरोना रुग्णांची नोंद आठवडाभर मोजणीत आलीच नव्हती, कारण प्रयोगशाळांचा तपशील एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये ओतला जात होता आणि त्या फाइलमध्ये ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. उरलेल्या ओळी गळाल्या. त्या रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांना वेळेवर कळवले गेले नाही. सिलतऱ्यातल्या स्टोअर विभागांत अजूनही जुन्या एक्सेल फाइलींवर साठा चालतो, म्हणून ही हकिकत मी आवर्जून घेतली आहे.

सगळ्यांच्या अंगावर काटा आणणारी चूक मात्र फार साधी असते : 'डिलीट' लिहिले आणि 'व्हेअर' लिहायचे राहिले. किंवा खिडकी चुकली. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीतल्या एका थकलेल्या अभियंत्याने रात्री चुकीच्या सर्व्हरवर डेटाची डिरेक्टरी पुसायची आज्ञा दिली. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. बॅकअपच्या पाच वाटा होत्या, वेळेला एकही धड चालली नाही. सुदैवाने काही तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत होती, म्हणून नुकसान सहा तासांच्या माहितीवर थांबले. त्या कंपनीने पुढे जे केले त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. दुरुस्तीचे काम त्यांनी सगळ्यांना पाहू दिले, आपल्या व्यवस्थेतल्या त्रुटी तपशीलवार लिहून प्रसिद्ध केल्या, आणि त्या अभियंत्याचा बळी दिला नाही. आमच्या भागात अजून उलटी पद्धत आहे. चूक करणाऱ्या मुलाला सर्वांसमोर झापले जाते, म्हणून पुढच्या वेळी तो ती लपवतो, आणि लपवलेली क्वेरी वर्षानुवर्षे आकडे देत राहते. वाईट क्वेऱ्या ज्या विभागात मोकळेपणी सांगितल्या जातात तिथे त्या कमी होतात, हे मी वारंवार पाहिले आहे. त्यामुळे चहाच्या टपरीवरच्या त्या हसण्याला मी कामाचाच भाग मानतो.

पुस्तक कसे वाचावे याबद्दल थोडे. प्रत्येक नमुन्यात आधी गोष्ट आहे, मग क्वेरी, मग दहा-बारा नोंदींचा छोटा तक्ता. नोंदी मुद्दाम वाकड्या घेतल्या आहेत : एक नल, एक मध्यरात्रीची गाडी, एक दोन ओळींचे बीजक, सारख्या वजनाच्या दोन गाड्या, एक गोऱ्हे. उत्तर आधी कागदावर हाताने काढा आणि मगच क्वेरी चालवा. तक्ते पोस्टग्रेसवर आणि मायएसक्यूएलवर चालतात. जिथे दोघांचे उत्तर वेगळे येते तिथे तसे नोंदवले आहे. सी पाळीचे नमुने, रात्री दहा ते सकाळी सहाचे, चौथ्या प्रकरणात आहेत. कारखान्याचा दिवस सकाळी सहाला सुरू होतो हे ज्यांना माहीत नाही त्यांनी ते प्रकरण वाचण्याआधी एक रात्र काट्याच्या केबिनमध्ये बसून काढावी. तिथला माणूस तुम्हाला चहा देईल, आणि तुमच्या पडद्यावरचे कोणते बटण तो कधीच दाबत नाही व का, हेही सांगेल.